गालातला कापूस

मध्यवर्ती कारागृह
९ मार्च २०२५

ताई,

कमलेशचा नमस्कार. मी बरा हाय. होळीच्या आधी पत्र टाकतोय, म्हणजे निदान सणाला तरी शिव्या देणार नाय तू. फोन कर म्हणतेस, पण फोनवर मागे रांग लागलेली असते आणि तुझा आवाज ऐकला की मला काय बोलायचं तेच सुचत नाय. पत्रात कसं, सावकाश भांडता येतं.

एक ध्यानात ठेव गं. तुझं पाकीट माझ्या हातात यायच्या आधी इथले साहेब उघडतात, वाचतात, शिक्का मारतात, मग मला देतात. आईच्या गुडघ्याची खबर त्यांना माझ्याआधी असते. मागच्या वेळी मलाच विचारलं, "काय रे, तेलानं फरक पडला का तुझ्या आईला?" म्हणून भावोजींच्या तक्रारी जरा जपून लिव.

आता खरी बातमी. परवा आमाला ओळीनं उभं केलं. नवा कायदा आलाय म्हणे, शिक्षा झालेल्यांचं सगळं जमा करायचं. ठसे घेतले, डोळ्यांचे फोटो घेतले, आणि काडीला लावलेला कापूस गालाच्या आतून घासून डबीत भरला. वर नंबर. यातून डीएनए काढतात आणि जपून ठेवतात, पंच्याहत्तर वर्षं! मी मातीत जाईन, पण माझी थुंकी सरकारच्या कपाटात राहील. माझ्या पुढचा गडी तोंडच उघडीना. मी म्हटलं, "घ्या साहेब, पाहिजे तर दोन्ही गाल घ्या."

का ते तुला वेगळं सांगायला नको. साजगावच्या यात्रेत हर्षलाला कुणीतरी मारली, आणि शेवटी ती माझ्या टेंपोतून उतरली म्हणून मलाच धरला. कंपनीतल्या पोरींना घरी सोडायचं कामच होतं माझं! तुडवून तुडवून पाय सुजवले, पण कुणी माझं रक्त तपासलं नाय. पुरावा नाय म्हणून सोडलं. पोलिसांनी सोडलं, गावानं कुठं सोडलं? ठरलेलं लग्न मोडलं, टेंपो गेला. शिळफाट्यावर त्या माणसानं चारचौघांत विचारलं, "हर्षलाला कशी मारलीस रं?" आणि मी लोखंडी टॉमी उचलली. त्याचा हात कायमचा गेला, त्याची शिक्षा भोगतोय. त्याबद्दल माझं काय म्हणणं नाय, चूक माझी.

पण हर्षलाच्या नखांत मारणाऱ्याची कातडी सापडली होती, ती अजून जपून ठेवलीय. आता माझा कापूस तिच्याशी ताडून बघणार. बघू देत गं. एकदाचं कळू दे सगळ्यांना.

आईला सांग. शेजारी जितेशला आणि धोंडूकाकूला पण सांग.

तुझा कमलेश

———

भिसेगाव, कर्जत
२४ मार्च २०२५

चि. कमलेश यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. देव करो आणि तुझं नाव यातून सुटो. तुझ्या साहेबांनाही नमस्कार सांग, आणि तेलानं फरक नाही म्हणावं.

रविवारी साजगावला जाऊन आईला सांगितलं. मला वाटलं होतं ती देवापुढे साखर ठेवेल. तर ती म्हणाली, "कशाला दिलान त्यानं? नाय म्हणायचं होतं." आणि उठून चुलीपाशी गेली. जेवलीही नाही. मला वाटतं तिला सरकारी कागदाचीच धास्ती बसली आहे. तुला घेऊन गेले होते तेव्हापासून दारात गाडी थांबली तरी ती दार लावून घेते. तू मनाला लावून घेऊ नकोस.

घराची काळजी करू नकोस. जितेश सगळं बघतो. पडवीचे पत्रे त्यानेच बदलले. आईला खोपोलीला दवाखान्यात तोच नेतो. त्याची ऋतिका आता पाऊल टाकायला लागली, आईच्या मांडीवरून उतरत नाही. तुझ्या कापसाची गोष्ट त्यालाही सांगितली. आधी हसला. मग म्हणाला, "चुलतभावांचं पण घेतात काय गं ताई?" मी म्हटलं, तू कुणाचा हात मोडलास, की तुझं घेतील?

स्वतःला जप. भांडण करू नकोस.

तुझी ताई,
प्राची

———

मध्यवर्ती कारागृह
१८ ऑगस्ट २०२५

ताई! ताई! ताई!

मी नाय! कागदावर आलं गं, मी नाय! आज बाहेरून एक साहेब मुद्दाम आले होते. त्यांनी समोर बसवून सांगितलं, हर्षलाच्या नखांतली कातडी तुझी नाय. मी तिथंच रडलो. पाणी दिलं त्यांनी मला. इतक्या वर्षांत वर्दीतल्या माणसानं पहिल्यांदा पाणी दिलं.

मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट सांगितली. म्हणाले, तुझी नाय, पण तुझ्या रक्ताच्या माणसाची हाय. लांबचा नाय, चुलतभावाचं सुद्धा इतकं जुळत नाय. एका बापाचे दोन मुलगे असावेत असं जुळतंय. "तुला भाऊ आहे का?" मी म्हटलं, होता साहेब, माझ्या पाठचा. आई माहेरी कडावला बाळंत झाली तेव्हा जन्मताच गेला. मी दोन वर्षांचा होतो. आमी दोघंच, मी आणि ताई. त्यांनी लिवून घेतलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

मला वाटतं त्यांची मशीन कुठंतरी चुकलीय. चुकू दे. माझ्या बाबतीत चुकली नाय तेवढं पुरे. तू लगेच लिव. आई काय म्हणाली ते शब्दाला शब्द लिव. मला तिचं हसणं पत्रात पाहिजे.

तुझा कमलेश

———

भिसेगाव, कर्जत
१० सप्टेंबर २०२५

चि. कमलेश यास,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. बरं वाटलं. गणपतीच्या गडबडीत उत्तर द्यायला उशीर झाला.

तुझं नाव सुटलं, आता तो विषय सोडून दे. कोण होता, कोण नव्हता, ते पोलीस बघतील. तू चांगला वागून सुटून ये. आई बरी आहे. तिला सांगितलं. ती काही बोलली नाही.

प्राची

———

मध्यवर्ती कारागृह
१९ सप्टेंबर २०२५

ताई,

हे काय पत्र झालं? विजेचं बिल सुद्धा यापेक्षा मायेनं येतं. मी सात वर्षं खुनी म्हणून जगलो, आज त्यातून सुटलो, आणि तू लिवतेस, "बरं वाटलं"! भावोजी काही बोलले का? का तुला सुद्धा आतून वाटत होतं की मीच तो? वाटत असंल तर तोंडावर सांग.

जाऊ दे. तुला जमत नसंल तर नको करू. जितेशला सांग, माझ्या वतीनं हर्षलाच्या आईकडं जाऊन ये म्हणावं. सोमीमावशीनं आमच्या दारात येऊन माती उचलून शाप दिला होता मला, तो माझ्या कानातून अजून जात नाय. जितेशनं तिच्यासमोर बसून सांगावं, मावशी, तो कमलेश नव्हता. जितेशचं बोलणं गोड हाय, तिला पटंल. माझ्यासाठी एवढं करील तो. लहानपणी मासळीचं डोकं आई नेहमी त्याच्या ताटात वाढायची आणि मी बोंबलायचो, ध्यानात हाय ना? आता त्याची भरपाई करू दे त्याला.

तुझाच, रागावलेला,
कमलेश

———

भिसेगाव, कर्जत
८ ऑक्टोबर २०२५

चि. कमलेश यास,

तुझ्यावर माझा एक दिवसही संशय नव्हता. ही शपथ तू मागितली नाहीस तरी घेते. पुन्हा असं लिहू नकोस.

तू सांगितलंस तसं जितेशला सांगितलं. मी नको म्हणणार होते, पण आईच्या नावे आलेलं पत्र त्याने आधीच वाचलं होतं, तू त्यातही तेच लिहिलं होतंस. तो गेला. मी बरोबर होते. सोमीमावशी आता फार थकली आहे, डोळ्यांना दिसत नाही. जितेश तिच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "मावशे, कमलेशदादा नव्हता गं." आणि रडायला लागला. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. म्हणाली, "तू तरी आलास रं पोरा." मला तिथे उभं राहवेना, मी बाहेर येऊन शेवग्याच्या झाडाला धरून उभी राहिले.

आणखी एक. तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. पोलीस आईकडे आले होते. त्यांनी विचारलं, तुमच्या नवऱ्याचं बाहेर कुठे होतं का, दुसऱ्या बाईपासून मुलगा वगैरे? आईने बाबांच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाली, "असंल. पुरुषाच्या जातीचं काय सांगावं." ते लिहून घेऊन गेले. आता ते बाबा ज्या वीटभट्टीवर मुकादम होते तिथल्या बायांची चौकशी करत फिरत आहेत. गावभर झालं आहे.

कमलेश, मला आता फार लिहवत नाही.

प्राची

———

मध्यवर्ती कारागृह
१८ ऑक्टोबर २०२५

ताई,

आईला वेड लागलंय काय? आपले बाबा! ज्या माणसानं पगाराचं पाकीट कधी स्वतः फोडलं नाय, आईच्या हातात बंद आणून दिलं, त्याला ती "असंल" म्हणते? मेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाय म्हणून? माझ्यावर शेण पडलं ते मी सोसलं. बाबांवर नाय सोसणार. त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि गावात त्यांची लफडी सांगायची, हे कुठलं बायकोपण?

तू ठाण्यात जा. मोठी मुलगी म्हणून सांग, आमचे बाप असे नव्हते. जात नसशील तर का जात नाय ते लिव.

आणि तू काहीतरी लपवतेस. मी मूर्ख असंन, पण तुझा भाऊ हाय. तुझी अक्षरं वाकडी यायला लागलीत. त्या साहेबांचं बोलणं मी झोपताना घोळवतो. मशीन चुकली नसंल तर? बाबा तसे नव्हते, आणि मशीन चुकली नाय, तर मग कोण उरतं गं?

कमलेश

———

भिसेगाव, कर्जत
४ नोव्हेंबर २०२५

चि. कमलेश यास,

तू विचारलंस, कोण उरतं. सांगते. मन घट्ट कर.

आपला भाऊ कडावला मेला नाही. मी सात वर्षांची होते, आईबरोबर आजोळी होते. धोंडूकाकूही आली होती. तिला मूल होत नव्हतं आणि नागूकाकांना दुसरं लग्न कर म्हणून सगळे मागे लागले होते. गावात सांगितलं होतं की दोघी जावांना एकदमच दिवस गेले आहेत. काकू पोटाला कापड बांधून हिंडायची, मला ती गंमत वाटायची. बाळ झालं. पाचवीची पूजा झाली आणि आईने त्याला उचलून काकूच्या पदरात घातलं. बाबांनी दोघींना एकवीरेची शपथ घातली, पदरात घातलेलं परत मागायचं नाही, त्याला आपलं म्हणायचं नाही. मला म्हणाले, तुझा भाऊ देवाघरी गेला, हा काकूचा. येताना गाडीत तो काकूच्या मांडीवर होता आणि आईच्या चोळीला दूध फुटलं होतं. मी बघत होते. पुढे मलाही ते खरंच वाटायला लागलं. भाऊबीजेला मी त्याला चुलतभाऊ म्हणूनच ओवाळते.

तो जितेश.

तुझं ऑगस्टचं पत्र वाचलं आणि मी भरलं ताट तसंच टाकून उठले. तरी मी म्हटलं, नाही, असं नसेल. गणपतीत आईला गाठून विचारलं. तिने आढेवेढे घेतले नाहीत. त्या यात्रेच्या दिवशी जितेश मळलेल्या कपड्यांनी मागच्या दाराने तिच्याकडे आला. काकूकडे नाही गेला, कमलेश, तिच्याकडे आला. मानेवर नखांचे ओरखडे होते. हर्षलाने त्याला नाही म्हटलं होतं, म्हणून त्याने तिचा गळा धरला, हे त्याने तिथेच सांगितलं. आईने हळद लावली, पुढेही चार दिवस लावत राहिली. दुसऱ्या दिवशी तुला धरून नेलं. तुझं ओरडणं गावाने ऐकलं, तिने ऐकलं, आणि ती गप्प बसली.

मी तिला वाटेल ते बोलले. म्हटलं, कमलेश तुझा नव्हता का? ती म्हणाली, "कमलेशला मी पाजला, वाढवला, त्याला आईची माया मिळाली. जितेशला काय दिलं मी? मासळीचं डोकं? एकदा माझ्या हातानं दिला. परत नाय देणार." बाबांचं नाव तिने त्याच्यासाठीच चिखलात घातलं. आणि जितेशला आजही ठाऊक नाही की तो आपला आहे. चुलतभावाचं इतकं जुळत नाही, हे ऐकून तो निर्धास्त झाला आहे.

साजगावची यात्रा भरली आहे. सगळीकडे सुक्या बोंबलांचा वास आहे. काल जितेश ऋतिकाला खांद्यावर घेऊन पाळण्यापाशी उभा होता. मला बघून हात केला. मी तशीच ठाण्यावर गेले. पायरीपर्यंत गेले रे. आईचं तोंड डोळ्यांपुढे आलं, त्या लेकराचं आलं, आणि पाय उचलेना. परत फिरले. मला हे तोंडाने कुणाला सांगता येणार नाही.

म्हणून तुला लिहिते आहे. साहेब, तुम्ही कमलेशच्या आधी हे वाचता, मला माहीत आहे. माझ्या भावाने पहिल्याच पत्रात सांगितलं होतं. ज्याला तुम्ही शोधता आहात तो साजगावला आमच्या शेजारच्या घरात राहतो. त्याच्या गालातला कापूस घ्या. आमच्या बाबांचा काही दोष नाही. हे माझ्या हातून लिहिलं गेलं, पुढचं तुम्ही करा.

कमलेश, बाळा, मला क्षमा कर.

तुझी ताई,
प्राची

———

मध्यवर्ती कारागृह
१६ नोव्हेंबर २०२५

ताई,

तुझं पाकीट मला बंद मिळालं. डिंक जसाच्या तसा. पत्रं वाचणारे साहेब रजेवर गेलेत, त्यांच्या जागी आलेल्यानं बाहेरून शिक्के मारले आणि ढीग वाटून टाकला. तू ज्याच्यासाठी लिवलंस त्यानं काय वाचलंच नाय. मीच वाचलं.

तुला सांगतो, आधी मला तुझाच राग आला. ठाण्याची पायरी तुला चढवली नाय, आणि माझ्या मांडीवर आणून टाकलंस. मग वाटलं, तू तरी काय करणार. मी पत्र घडी करून बनियनच्या आत ठेवलं. फाडून संडासात टाकलं असतं तर संपलं होतं. कुणाला कळलं नसतं. डबीतला माझा कापूस पंच्याहत्तर वर्षं बोंबलत बसला असता, भाऊ कुठं हाय, भाऊ कुठं हाय, आणि आमी सगळे मरून गेलो असतो.

आई गप्प बसली ते माझ्या घशाखाली उतरत नाय. मला तुडवत होते तेव्हा मी "आई गं" म्हणून ओरडत होतो, आणि ती घरात हळद उगाळत होती! मला आता रडायला पण येत नाय. हे तिला सांगू नको. किंवा सांग. तूच ठरव.

परवा जितेश भेटायला आला होता. तुझं पत्र माझ्या छातीशी होतं. जाळीपलीकडून म्हणाला, "दादा, सुटलास की दोघं मिळून टेंपो घेऊ." मी त्याचे कान बघत होतो. बाबांचे कान हायेत गं त्याला, पाळी खाली गालाला चिकटलेली. आजवर कधी दिसले नाय मला. लहानपणी मी आईला विचारायचो, माझा भाऊ कुठं गेला, मला खेळायला पाहिजे. आणि तो शेजारच्या ओट्यावर बसून माझ्याच विटीनं खेळत होता. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि त्याचा गळा दाबावासा पण वाटला. दोन्ही खरं हाय. मधे जाळी होती ते बरं झालं. मी म्हटलं, "ऋतिकाला जप." तो हसला आणि गेला.

त्याला जाळीपलीकडे पाठमोरा बघितला आणि मला सोमीमावशी आठवली. आंधळी बाई दोन्ही हातांनी त्याचं तोंड चाचपतेय. त्याला तिथं मीच पाठवला होता.

आज सकाळी मी अर्ज देऊन मोठ्या साहेबांपुढं उभा राहिलो. म्हटलं, ऑगस्टात ते बाहेरचे साहेब आले होते, त्यांनी विचारलं होतं, भाऊ हाय का. मी म्हटलं होतं, जन्मताच गेला. ते चुकीचं लिवलं गेलंय. तो गेला नव्हता. हाय मला भाऊ, धाकटा. त्यांनी चष्मा लावला, नाव विचारलं, गाव विचारलं. मी सांगितलं, आणि तुझं पत्र टेबलावर ठेवलं.

हे तुला मिळेपर्यंत गाडी येऊन गेलेली असंल. तू साजगावला जाऊन राहा. काकूला सांभाळ, त्या लेकराला तर सांभाळच. आणि आईच्या शेजारी बस. ती काय बोलणार नाय, तू पण बोलू नको. तिनं विचारलं तर एवढंच सांग, या वेळेला तिनं नाय दिला. मी दिला.

तुझा
कमलेश